यादीत नाव लागावं म्हणून

दौंड तालुक्यातल्या खुटबावहून आम्ही बोलतोय.

यादी म्हटलं की आपल्याला काय काय आठवतं! रेशनची यादी, घरकुलाची यादी, मतदार यादी. यादीत नाव असलं तर आपण आहोत, नसलं तर दारात उभं राहूनही नाही. आज आम्ही अशाच एका यादीबद्दल सांगणार आहोत. ही यादी सरकारची नाही, कुठल्या बँकेचीही नाही. ती इंटरनेटवरच्या वेबसाइटींची यादी आहे आणि ती बनवतात तुमच्या-आमच्यासारखी साधी माणसं, एक पैसा न घेता.

आमच्या गटात बारा जणी आहेत. गूळ, काकवी, शेवया आणि पापड विकतो. गटातल्या एका ताईंच्या मुलीनं कॉलेजात शिकता शिकता गटाची छोटी वेबसाइट करून दिली. वेबसाइट झाली, पण बघणार कोण? आडवळणाला दुकान थाटलं आणि रस्त्यावर पाटीच नाही, तशी गत. तेवढ्यात एक जण गावात आला. म्हणाला, "पाच हजार द्या, शंभर याद्यांमध्ये तुमचं नाव घालतो." आम्ही हिशोब मांडला. महिन्याला बायकी शंभर रुपये, म्हणजे बारा जणींचे बाराशे. पाच हजार म्हणजे गटाची चार महिन्यांहून जास्त बचत. त्यातून एखादीच्या लेकराची फी भरता येते, एखादीची शेळी येते. म्हणून ठरवलं, आधी समजून घेऊ, मग पैशाला हात लावू.

समजून घेतलं ते असं. इंटरनेट नवीन होतं तेव्हा आजच्यासारखं शोधणं सोपं नव्हतं. लोक विषयवार सूची उघडून बघायचे. शेती, मग शेतीत फळबाग, मग फळबागेत डाळिंब, असं एकेक कप्पा उघडत जायचं. याहूची सूची 1994 साली दोन विद्यार्थ्यांनी सुरू केली. पुढं त्या सूचीत धंद्याच्या वेबसाइटचं नाव घालायला वर्षाला 299 डॉलर पडू लागले. दुसरी एक सूची 1998 साली अमेरिकेत निघाली. ती डीमॉझ या नावानं ओळखली जायची. तिथं नाव घालायला पैसे नव्हते. जगभरातले स्वयंसेवक एकेक वेबसाइट उघडून वाचायचे, योग्य कप्प्यात ठेवायचे आणि तिच्याबद्दल एक-दोन वाक्यं लिहायचे. ही सूची कुणालाही वापरायला मोकळी होती. गूगलनंसुद्धा आपली सूची तिच्यावरच उभी केली होती, म्हणजे एका ठिकाणी नाव लागलं की चार ठिकाणी दिसायचं.

मार्च 2017 मध्ये डीमॉझ बंद झालं. पण तिथल्या स्वयंसेवकांनी काम सोडलं नाही. त्यांनी तीच सूची कर्ली या नावानं पुढं चालू ठेवली. मालक गेला तरी बायांनी गट चालू ठेवावा, तसं.

आता नाव घालायची रीत सांगतो. आपण यवतच्या आठवडे बाजाराला जातो तेव्हा गुळवाला गुळाच्या रांगेत बसतो, बांगडीवाली बांगड्यांच्या. गूळ घेऊन चपलांच्या रांगेत बसलं तर गिऱ्हाईक येणार नाही आणि शेजारचाही वैतागेल. सूचीचंही तसंच आहे. आधी सगळे कप्पे फिरून बघायचे, आपल्यासारखे लोक कुठं आहेत ते पाहायचं आणि आपल्याला सगळ्यात जवळचा एकच कप्पा निवडायचा. दहा कप्प्यांत एकच नाव घातलं तर स्वयंसेवकाला दहादा तपासावं लागतं, आणि त्याचा राग येणं साहजिक आहे.

दुसरं, अर्धवट वेबसाइट पाठवायची नाही. "काम चालू आहे" असं लिहिलेली पानं असतील तर आधी ती पुरी करायची. गावाचं नाव, काय विकतो, मागणी कशी करायची, हे उघडताक्षणी दिसलं पाहिजे.

तिसरं सगळ्यात अवघड. आपल्याबद्दल दोन वाक्यं लिहायची आणि त्यात स्वतःचं कौतुक करायचं नाही. "सर्वोत्तम", "एक नंबर", "महाराष्ट्रात प्रसिद्ध" असले शब्द स्वयंसेवक सरळ काढून टाकतात. जे आहे तेवढंच लिहायचं. आमच्या बैठकीत यावर दोन तास खल झाला. पहिल्यांदा कुणीतरी लिहिलं, "शुद्ध सेंद्रिय, रसायनमुक्त गूळ." वाचून छान वाटलं. मग गटातल्या सगळ्यात थोरल्या काकू म्हणाल्या, "अगं, ऊस कुणाचा? त्यात युरिया टाकला नव्हता हे कोण सांगणार?" सगळ्या गप्प. ऊस चार शेतकऱ्यांचा, गूळ आपण गुऱ्हाळावरून करून घेतो. पाकिटावर जैविक भारतचं चिन्ह छापायचं तर प्रमाणपत्र लागतं, ते आपल्याकडं नाही. आणि रस निवळायला गुऱ्हाळात चुन्याची निवळी पडतेच, मग रसायनमुक्त तरी कसं म्हणायचं?

मग खरं काय ते शोधलं. गुळाला पिवळाधमक रंग यावा म्हणून काही गुऱ्हाळांवर हायड्रॉसची पावडर टाकतात. आपण ती टाकू देत नाही, कढईपाशी आपली एक बाई उभी असते. मळी काढायला भेंडीचा चिकट रस वापरतो. म्हणून आपला गूळ तांबूस-काळपट दिसतो. हे खरं आहे, आणि कुणी येऊन बघितलं तरी खरंच निघेल. शेवटी आम्ही लिहिलं ते असं: "दौंड तालुक्यातील खुटबाव येथील महिला बचत गट. हायड्रॉस न घातलेला उसाचा गूळ, काकवी, शेवया व पापड. भाव आणि मागणीची पद्धत." बास, एवढंच. आणि गंमत बघा, हीच वाक्यं आम्ही मग पाकिटावर घातली. काळा गूळ बघून नाक मुरडणारी गिऱ्हाइकं आता विचारतात, "हायड्रॉस म्हणजे काय हो?" आणि बोलणं सुरू होतं.

चौथी गोष्ट फोन नंबरची. इथं नीट ऐका, मैत्रिणींनो. इंटरनेटवर गेलेला नंबर परत घेता येत नाही. ओळखीच्या एका गटानं अध्यक्ष ताईंचा घरचा नंबर वेबसाइटवर टाकला. रात्री-अपरात्री नको ते फोन यायला लागले. घरात भांडणं झाली आणि नवऱ्यानं त्यांचं बैठकीला येणंच बंद केलं. गिऱ्हाईक मिळवायला निघालो आणि आपलीच बाई गमावली, असं व्हायला नको. आमच्या गटानं वेगळं सिमकार्ड घेतलं. तो फोन सकाळी दहा ते संध्याकाळी पाच चालू, नंतर बंद. दर महिन्याला एकीकडं त्याची पाळी.

पाचवी गोष्ट मालकीची. वेबसाइटचं नाव कुणाच्या नावावर घेतलंय? त्याचं भाडं बहुतेक वर्षाच्या वर्षाला भरावं लागतं. करून देणाऱ्यानं स्वतःच्या नावावर घेतलं असेल आणि उद्या त्यानं फोन उचलला नाही, तर वेबसाइट जाते आणि यादीतलं नावही उडतं. वेबसाइटचं नाव गटाच्या नावावर असू द्या. पासवर्ड अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार तिघींना माहीत असू द्या आणि भाडं भरायची तारीख इतिवृत्ताच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता तुम्ही विचाराल, लागलं का तुमचं नाव? आम्ही कर्लीकडं पाठवलंय, अजून उत्तर आलेलं नाही. तिथं बसलेला माणूस आपलं घरदार, नोकरी सांभाळून रात्री तासभर हे काम करतो. नाव घेणं न घेणं त्याच्या हातात आहे आणि पैसे देऊन लवकर होत नाही. म्हणूनच "पैसे द्या, नक्की लावतो" म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. जिथं फुकट आहे तिथं पैसे कशाचे, एवढंच त्याला विचारा. आमच्या गावात आलेला तो माणूस या प्रश्नानंतर पुन्हा फिरकला नाही.

वाट बघत बसायचीही गरज नाही. गूगलच्या नकाशावर धंद्याची नोंद फुकट होते. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा दुसरा नकाशा आहे, 2004 साली इंग्लंडात सुरू झाला, तोही स्वयंसेवकच बनवतात. त्यात गावाचा रस्ता, अंगणवाडी, गिरणी, गुऱ्हाळ कुणीही भरू शकतं. पुण्याचं गिऱ्हाईक खुटबाव स्टेशनवर उतरलं तर आपल्या दारापर्यंत त्याला वाट दिसली पाहिजे. मराठी विकिपीडियाही 2003 पासून असाच लोकांच्या हातानं चाललाय. मात्र तिथं आपल्या मालाची जाहिरात चालत नाही. गावाची खात्रीची माहिती लिहायची, दुकानाची नाही.

आणि एक शेवटचं. या सगळ्या याद्या चालवणाऱ्यांत आपल्या बायका का नसाव्यात? छोटासा कप्पा घेऊन सांभाळायची तयारी दाखवली तर अर्ज करता येतो. आपल्या लेकी बारावी, बीए झाल्यात, मोबाइल चालवतात, मराठी लिहितात. दुसऱ्याच्या यादीत आपलं नाव लागायची वाट बघण्यापेक्षा यादी लिहिणारा हात आपला असला तर बचत गटांच्या, पापड-कुरडईच्या, गोधडीच्या नोंदी कुठं ठेवायच्या हे आपल्याला जास्त कळेल.

येत्या बैठकीत एवढं करा. गटाबद्दल दोन वाक्यं लिहा. त्यातला खोटा आणि फुगवलेला शब्द सगळ्यात थोरल्या बाईला काढायला सांगा. जे उरेल ते वहीत उतरवा. वेबसाइट नसली तरी चालेल. पाकिटावर लिहायला, प्रदर्शनात सांगायला आणि बँकेच्या साहेबांपुढं बोलायला तीच दोन वाक्यं कामाला येतील.