बायबरीची दगडी घरे



मुलीकडे इंग्लंडला गेले असताना ग्लॉस्टरशर परगण्यातील बायबरी हे खेडे पाहण्याचा योग आला. तेथील अर्लिंग्टन रो ही एकाला एक लागून असलेल्या दगडी घरांची ओळ. सुमारे १३८० साली ती लोकरीचे कोठार म्हणून बांधली गेली. सतराव्या शतकात त्याच कोठाराची विणकरांसाठी बिऱ्हाडे झाली. समोरच्या रॅक आयल या पाणथळ कुरणात लाकडी चौकटींवर कापड वाळत घालीत.

भिंती मधाच्या रंगाच्या चुनखडीच्या. छपरावरसुद्धा कौले नाहीत, दगडाच्याच पातळ फरश्या! वळचणीला मोठ्या आणि आढ्याकडे लहान लहान होत गेलेल्या. पावसाचे पाणी खाली जास्त जमते, म्हणून तिथे सांधे कमी हवेत. उतारही चांगला उभा, पाणी थांबायचे नाव नाही.

हे निरखता निरखता मी एका खिडकीशी वाकले. आत एक बाई भांडी विसळीत होत्या! त्यांनी मान वर केली आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. घरे नॅशनल ट्रस्ट या संस्थेची असली तरी बहुतेकांत भाडेकरू राहतात, हे मुलीने आधी सांगितले होते. पाहण्याच्या नादात मी ते विसरले.

मग पिशवीतला कॅमेरा काही मी बाहेर काढला नाही. तेव्हा फोटोऐवजी हे चार शब्दच गोड मानून घ्यावेत, ही विनंती.