वैरण कोणाच्या हाती?



अमेरिकेत १९६७ च्या कायद्याने सार्वजनिक रेडिओ-टीव्हीला सरकारी पैसा मिळू लागला. बातम्या एकतर्फी असतात, असा ठपका अध्यक्ष ट्रम्प यांनी ठेवला आणि जुलै २०२५ मध्ये तिथल्या संसदेने दोन वर्षांचे सुमारे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले. राग राजधानीतल्या बातम्यांवर, घाव मात्र खेड्यातल्या केंद्रांवर! शहरात देणगीदार भेटतात. विरळ वस्तीत कोण देणार?

आपली आकाशवाणीही मुख्यतः केंद्राच्या अनुदानावर चालते. ज्याच्या हाती वैरण, त्याच्याच हाती दावे. म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे: बातमी एकतर्फी वाटली तर जाब विचारा, पण पावसाचा अंदाज सांगणाऱ्या रेडिओचा पैसा कोणत्याही सरकारच्या मर्जीवर ठेवू नका.