भूमिगत वाहिन्या आणि लोकांना कळवण्याचे कर्तव्य



वसंत व्याख्यानमालेच्या मंडपात पाइपलाइनवर बोलावयास कोणी उभे राहील, अशी अपेक्षा आपल्यापैकी थोड्यांनीच केली असेल. संतवाङ्मय, शिवकाल, नाट्यसंगीत हे या व्यासपीठाचे नेहमीचे विषय. पण न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास ही परंपरा सुरू केली ती आपल्या काळाचे प्रश्न लोकांनी एकत्र बसून समजून घ्यावेत म्हणून. आपल्या जिल्ह्याच्या जमिनीखालून आज काय वाहते आणि ते आपणांस सांगण्याचे काम कोणाचे, हा त्यातलाच एक प्रश्न आहे.

आधी काय वाहते ते पाहू. गुहागर तालुक्यात अंजनवेलच्या किनाऱ्यावर वीजप्रकल्प आहे, आणि परदेशातून जहाजाने येणारा द्रवरूप नैसर्गिक वायू उतरवून घेण्याचे केंद्रही तेथेच आहे. या परिसराला सारे जग दाभोळ म्हणूनच ओळखते. पनवेलकडून एक वायुवाहिनी दाभोळपर्यंत आली. दुसरी दाभोळहून निघून सह्याद्री ओलांडून पार बंगळूरपर्यंत गेली, ती २०१३ साली सुरू झाली. या मोठ्या दाबाच्या वाहिन्या आहेत. तिसरी वाहिनी अगदी आपल्या तालुक्यातली. लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी सामाईक केंद्रात प्रक्रिया करून करंबवण्याच्या खाडीकडे नेणारी. पहिल्या दोहोंत स्फोटाचे भय, तिसरीत पाण्याचे. तिघींत एक गोष्ट सारखी आहे: त्या दिसत नाहीत. जी वस्तू दिसत नाही तिच्याविषयी कोणी सांगितल्यावाचून कळावयाचे कसे?

वाहिनी टाकण्यासाठी जमीन विकत घ्यावी लागत नाही. १९६२ च्या केंद्रीय कायद्याने जमिनीच्या केवळ वापराचा हक्क घेता येतो. मालकी शेतकऱ्याचीच राहते, बाजारभावाच्या दहा टक्के मोबदला त्यास मिळतो, पिकाची आणि झाडांची नुकसानभरपाई निराळी. त्यानंतर त्या पट्ट्यात त्याने घर बांधावयाचे नाही, विहीर वा तळे खोदावयाचे नाही आणि झाड लावावयाचे नाही. देशावरच्या उसाच्या शेतकऱ्यास ही शेवटची अट फारशी जाचत नसेल. कोकणात जमिनीची किंमत झाडावरूनच होते. आजोबाने लावलेला हापूस नातू खातो, आणि ज्या पट्ट्यात कलम लावता येत नाही तो पट्टा सातबाऱ्यावर आपला असला तरी खरोखरी आपला राहिला का, असे एखाद्या बागायतदाराने विचारले तर त्यास उत्तर देणे कठीण आहे. पण तो आजचा विषय नव्हे. आजचा विषय असा की, या कायद्यात सूचना राजपत्रात प्रसिद्ध होते आणि हरकत घेण्यास २१ दिवसांची मुदत असते.

आता आपल्याकडचा सातबारा डोळ्यांपुढे आणा. एका गटावर चौदा नावे. त्यांतली पाच कैलासवासी, सहा मुंबईस, एक सुरतेस. उरलेल्या दोघांपैकी एक म्हाताऱ्या काकू, त्यांना चष्मा लावूनही राजपत्र वाचता यावयाचे नाही. प्रत्यक्ष जमीन कसणारा मनुष्य बहुधा या चौदांत नसतोच. कायद्याच्या दृष्टीने सर्वांस कळवले गेले. गावाच्या दृष्टीने कोणासच कळले नाही. "सांगितले" आणि "कळले" या दोन क्रियापदांत जे अंतर आहे त्यातच आजच्या व्याख्यानाचा सारा विषय आहे.

हे अंतर किती महाग पडते याचे आपल्या देशातले मोठे उदाहरण म्हणजे भोपाळ. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री विषारी वायू सुटला तेव्हा कारखान्याच्या भिंतीलगत राहणाऱ्या वस्तीस तो वायू कोणता, कोणत्या दिशेने पळावे, तोंडावर ओले फडके धरावे की नाही, यांतले काही ठाऊक नव्हते. त्यानंतर सरकार जागे झाले. १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आसपासच्या जनतेस धोक्याची माहिती देणे मालकावर बंधनकारक झाले. १९८९ साली घातक रसायनांविषयी जे नियम झाले त्यांत तर स्पष्टच म्हटले आहे की, अपघात झाल्यास ज्यांना झळ पोहोचेल अशा बाहेरच्या लोकांस धोक्याचे स्वरूप, सुरक्षिततेचे उपाय आणि काय करावे व काय करू नये हे कळवण्याची व्यवस्था चालकाने केली पाहिजे. औद्योगिक कार्याच्या व्याख्येत त्या नियमांनी वाहिनीही धरली आहे. जिल्ह्याच्या आपत्कालीन योजनेची तालीम वर्षातून एकदा घ्यावी, असेही त्यांत आहे. पुढे २००६ च्या कायद्याने पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ स्थापन झाले आणि २०१० साली त्याने आपत्कालीन व्यवस्थेचे नियम केले. म्हणजे कायद्यास तोटा नाही. आमचे म्हणणे अंमलबजावणीविषयी आहे.

अंमलबजावणी आज कशी तपासली जाते? बहुतेक कागदावरून. सभा घेतली का? घेतली, हे छायाचित्र. पत्रके वाटली का? वाटली, ही संख्या. फलक लावले का? लावले. तपासनीस खूण करतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पूर्वी गावात कोतवाल दवंडी पिटीत असे. ढोलके वाजले, "ऐका हो ऐका" झाले, की कोतवालाचे काम संपले. पण संध्याकाळी पाटील पारावर बसून एखाद्यास विचारी, "काय रे, आज दवंडी कशाची होती?" त्यास सांगता आले नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा दवंडी. पाटलाचा हा एक प्रश्न आमच्या साऱ्या तपासणीपत्रकांतून गळला आहे.

अमेरिकेत हाच प्रश्न पुष्कळ माणसे मेल्यावर विचारला गेला. १९९९ साली बेलिंगहॅम येथे पेट्रोलची वाहिनी फुटून तीन मुले गेली, २००० साली कार्ल्सबाडजवळ वायुवाहिनी फुटून बारा माणसे गेली. मग तेथे नियम झाला की प्रत्येक वाहिनीचालकाने लेखी जनजागृती कार्यक्रम आखावा. तो चार प्रकारच्या लोकांसाठी असावा, म्हणजे वाहिनीजवळ राहणारे, अग्निशामक व पोलिस, स्थानिक अधिकारी आणि जमीन खोदणारे. त्या भागात जी भाषा मोठ्या संख्येने बोलली जाते तीतही तो असावा. आणि दर चार वर्षांनी त्याचा परिणाम किती झाला हे मोजावे. आमचे लक्ष या शेवटच्या अटीकडे आहे.

तरीही २०१० च्या जुलैत मिशिगन राज्यात मार्शल या गावाजवळ कच्च्या तेलाची वाहिनी फुटली आणि सतरा तास तेल वाहत राहिले. लोकांना वास आला नव्हता असे नाही. त्यांनी दूरध्वनी केले, अग्निशामक दल येऊन हिंडून गेले. पण येथून तेलाची वाहिनी जाते हे ध्यानी घेऊन कोणी शोधले नाही. शेवटी दुसऱ्याच एका वायू कंपनीच्या कामगाराने तेल पाहून मालक कंपनीस कळवले. चौकशी मंडळाने त्या कंपनीच्या जनजागृती कार्यक्रमावर ठपका ठेवला. कार्यक्रम होता, कागद होते. गावास ठाऊक नव्हते.

आपल्याकडची आठवण याहून दुःखद आहे. २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशात पूर्व गोदावरी जिल्ह्यातील नगरम् या गावी पहाटे वायुवाहिनी फुटून आगीचा लोळ उठला आणि वीसहून अधिक माणसे भाजून मेली. गळतीच्या तक्रारी आपण आधी केल्या होत्या, असे गावकऱ्यांनी नंतर सांगितले. तेव्हा कळवणे हे एकाच दिशेचे काम नव्हे. कंपनीने गावास सांगावे, तसे गावाचे ऐकूनही घ्यावे.

आता एक गोष्ट अशी सांगतो की जी येथल्या पुष्कळांना नवी वाटेल. आपल्या स्वयंपाकघरातल्या गॅसला जो वास येतो तो त्याचा स्वतःचा नव्हे. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो. १९३७ साली टेक्सासमध्ये न्यू लंडन येथील शाळेत बिनवासाचा वायू साठून स्फोट झाला, तीनशेच्या आसपास माणसे, बहुतेक मुले, गेली. तेव्हापासून ही पद्धत रूढ झाली. पण दूरवर जाणाऱ्या मोठ्या वाहिन्यांतून वाहणाऱ्या वायूत आपल्याकडे बहुधा हा वास घातलेला नसतो. म्हणून "वास आला तर कळवा" एवढेच शिकवलेला शेतकरी वासाची वाट पाहत बसेल. त्याने ओळखावयाच्या खुणा निराळ्या: जमिनीतून फुसफुस आवाज, उडणारी धूळ, साचलेल्या पाण्यात बुडबुडे, हिरव्यात एकाएकी वाळलेला पट्टा.

या खुणा परदेशी पुस्तकांतून जशाच्या तशा उचलून पत्रकावर छापतात, आणि तेथेच गफलत होते. कोकणात शिमग्यापासून मृगापर्यंत सारे गवत वाळलेलेच असते. वाळलेल्या पट्ट्याने काय कळणार? आषाढात पावसाच्या आवाजात फुसफुस कोणाच्या कानी पडणार? मात्र लावणीच्या वेळी भरलेल्या खाचरात बुडबुडे येऊ लागले तर ते गडीमाणसांस सर्वांआधी दिसतील. आणि दुसरी गोष्ट भाजावळीची. याच दिवसांत आपण तरव्यासाठी जमीन भाजतो, कवळ, पातेरा, शेण पसरून पेटवतो. वर्षातला उघड्या आगीचा मोसम तो हाच. वाहिनीच्या पट्ट्यावर आणि तिच्या झडपांच्या कुंपणाजवळ आग पेटवू नये, हे सांगण्याची वेळ फाल्गुनात आहे. सुरक्षा सप्ताह भरेल त्या महिन्यात सांगून उपयोग नाही. २०२१ च्या जुलैत आपल्याच तालुक्यात पोसरे येथे दरड कोसळून घरे गाडली गेली हे आपण विसरलेलो नाही. जेथे डोंगर असा सरकतो तेथे डोंगरातल्या वाहिनीवर ताण येतो. उतारावर नवी भेग दिसली तर कोणास कळवावे, हेही त्या पत्रकावर हवे.

ऐकणारा कोण, हाही विचार करावयास हवा. वाहिनीस धोका होतो तो पुष्कळदा खोदणाऱ्याकडून. चिऱ्याची खाण काढणारा, बोअर मारणारा, महामार्गासाठी जेसीबी चालवणारा. हा जेसीबीवाला कित्येकदा परप्रांतीय असतो, आणि पिवळ्या खांबावरचा मराठी वा इंग्रजी मजकूर त्याच्या कामाचा नसतो. खोदण्यापूर्वी विचारणा करता यावी म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये एक मोबाईल अ‍ॅप सुरू केले. कल्पना उत्तम आहे. पण ठेकेदाराने ते वापरले की नाही, हे परवाना देताना विचारले गेले तरच ते चालेल.

लोट्याच्या सांडपाण्याच्या वाहिनीविषयीही दोन शब्द बोललेच पाहिजेत. ती फुटली तर आगीचा लोळ उठत नाही, म्हणून तिच्याविषयी सांगण्याची निकड कोणास वाटत नाही. ओढ्याला रंग येतो, गुरे त्या पाण्याला तोंड लावत नाहीत, खाडीत मासे उलटे होऊन तरंगतात. खाडीकाठच्या भोई मंडळींना हे प्रयोगशाळेच्या आधी कळते. त्या वाहिनीतून कोणते पाणी जाते, फुटल्यास किती तास विहिरीचे पाणी पिऊ नये, कोणाला फोन करावा, हे त्यांना आधीच सांगून ठेवणे अवघड नाही. २० मार्च २०२१ रोजी लोट्याच्या एका कारखान्यात स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. त्या दिवशी लोट्याच्या भोवतालच्या किती वाड्यांना नेमके काय करावे हे ठाऊक होते, याचे उत्तर ज्याचे त्याने आपल्या वाडीपुरते द्यावे.

कायदा शेतकऱ्याशी मात्र कठोर आहे. २०११ च्या दुरुस्तीने वाहिनीची नासधूस करणाऱ्यास सक्तमजुरी आणि घातपात करणाऱ्यास फाशीपर्यंतची शिक्षा ठेवली आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण माहिती न देणाऱ्यास जाब विचारताना हीच करारी नजर कागदावर का थबकते, हे आम्हांस कळत नाही.

मग येथे काय करता येईल? जिल्हाधिकाऱ्यांकडील वार्षिक तालमीच्या वेळी तपासनीसाने वाहिनीलगतच्या एका वाडीत जावे, हाताला लागतील ती दहा माणसे गाठावीत, त्यांत दोन बायका, एक गुराखी आणि एक जेसीबीवाला असावा. त्यांना तीनच प्रश्न विचारावेत: वाहिनी कोठून जाते, गळती कशी ओळखाल, कोणास कळवाल? दहांपैकी सहांना सांगता आले नाही तर कार्यक्रम झाला नाही असे धरावे आणि तो पुन्हा करावयास लावावा. छायाचित्रे कितीही असोत. कंपनीची सभा कामाच्या दिवशी दुपारी न ठेवता शिमग्यात पालखीच्या मुक्कामी किंवा गणपतीत ठेवावी. तेव्हा सातबाऱ्यावरची मुंबईकर नावेही गावात सापडतात. वाडीवाडीच्या मुंबई मंडळांस पत्र घालावे. पोलिसपाटील, कोतवाल, अंगणवाडीच्या बाई यांच्याजवळ तो फोनचा आकडा असावा आणि त्या आकड्यावर रात्री दोन वाजता मराठी समजणारा मनुष्य असावा. याची परीक्षा आपणच फोन करून घेऊ शकतो.

आणि गळतीची शंका आलीच, तर गाडी वा पंप चालू करू नये, दिव्याचे बटन दाबू नये, वाऱ्याला आडवे होऊन पायी दूर जावे, दूर गेल्यावरच मोबाईल काढावा. झडप बंद करण्याच्या भरीस पडू नये. ते त्यांच्या माणसांचे काम आहे.

येत्या १ मे रोजी आपल्या ग्रामसभा आहेत. वाहिनी ज्या गावातून जाते तेथे कंपनीच्या प्रतिनिधीस सभेचे लेखी निमंत्रण आधी पंधरा दिवस पाठवावे, आणि नकाशा घेऊन या असे त्यात लिहावे. तो आला तर नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लागेल. न आला तर ते पत्र, पोच आणि ग्रामसभेचा ठराव असे तिन्ही कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि दिल्लीच्या नियामक मंडळाकडे जातील. पत्राचा मसुदा आम्ही बरोबर आणला आहे. व्याख्यान संपल्यावर मंडपाच्या डाव्या बाजूस टेबलावर तो ठेवलेला असेल.