पुन्हा पुन्हा येणारा ताप
(मंडळीच्या सभेत केलेले भाषण)



आज मी एका चार वर्षांच्या मुलीविषयी बोलणार आहे. ती मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर राहते. वर्षभरात तिला पाच वेळा ताप आला. सर्दी नाही, खोकला नाही. दर वेळी मी तापाची गोळी दिली, प्रार्थना केली आणि पुढच्या पाड्यावर गेले. एकदा तिची आई म्हणाली, “ताई, पोरगी मुतताना रडते.” मी ऐकले, पण मनावर घेतले नाही. ही माझी चूक तुमच्यापुढे कबूल करते.

शेवटी तिला नाशिकला नेले. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले. मूत्रपिंडातून लघवी दोन नळ्यांनी मूत्राशयात उतरते. नळी मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी शिरते. त्यामुळे मूत्राशय भरले की ती दाबली जाते आणि लघवी मागे जात नाही. काही मुलांत भिंतीतला हा भाग जन्मतःच आखूड असतो. मग लघवी उलटी वर चढते. तिच्यात जंतू असले तर तेही मूत्रपिंडापर्यंत पोचतात आणि तिथे व्रण पडतात. हे व्रण कायमचे. पुढे रक्तदाब वाढू शकतो. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली तर डायलिसिसची वेळ येते. या मुलीच्या डाव्या मूत्रपिंडावर व्रण आहेत. उजवे चांगले आहे, याबद्दल देवाचे आभार.

घाबरून जाऊ नका. सौम्य दोष पुष्कळदा वाढत्या वयात आपोआप जातो. तोवर जंतुसंसर्ग वेळीच ओळखायचा, मुलांना लघवी तुंबवू द्यायची नाही, बद्धकोष्ठ होऊ द्यायचे नाही. दोष मोठा असेल तर शस्त्रक्रिया करता येते.

म्हणून आता कारण न कळणारा ताप दिसला की आम्ही आधी लघवी तपासायला पाठवतो. अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वीच नमुना घ्यावा लागतो, आणि तो लवकर पोचणार नसेल तर थंड ठेवावा लागतो. पाड्यावर वीज जाते, एसटी चुकते. त्यासाठी आम्हांला बर्फाचे डबे हवेत, गाडीभाडे हवे. दवाखान्यात जायचे म्हणजे आईबापांची मजुरी बुडते, तेही लक्षात घ्या.

हा दोष भावंडांतही आढळतो. त्या मुलीला दोन वर्षांचा भाऊ आहे. त्याची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. दोघांना प्रार्थनेत आठवा, आणि जमेल तसा हातभार लावा.