विहिरीतली फुलं

आमच्या बचत गटातल्या एकीच्या शेतात विहीर खोदत होतो. काळा कातळ फुटला आणि आत पोकळी निघाली. तिच्यात पांढऱ्या-जांभळ्या स्फटिकांची जणू फुलंच! दारावर आलेल्या व्यापाऱ्याला आम्ही पाटीभर दगड चहापाण्याच्या पैशात देऊन टाकले. पुढे सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात तसेच दगड काचेच्या कपाटात पाहिले, तेव्हा जीव हळहळला.

हे दगड बनतात कसे? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. तो थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, टम्म फुगलेल्या भाकरीत पोकळी राहते तसे. मग खनिजं विरघळलेलं पाणी त्या पोकळ्यांत हळूहळू झिरपलं. बारीक थर बसले तिथे अकीक झाला, टोकं वाढली तिथे स्फटिक. जांभळा रंग येतो तो लोहाच्या अंशामुळे.

आता आमच्या गटानं ठरवलंय: पोकळी दिसली की घण थांबवायचा, दगड चिंध्यांत गुंडाळायचा आणि चार ठिकाणी भाव विचारल्याशिवाय एकीनंही द्यायचा नाही. मैत्रिणींनो, तुम्हीही पाटी रिकामी करण्याआधी आत नीट बघा.