पोत्यावरचे स्फुरद

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. रसायनशास्त्राशी माझी ओळख त्यातल्या शब्दांपुरती. पण त्या शब्दांची हकिकत आपल्या कोल्हापूरशीही जोडलेली आहे.

१८६९ साली सेंट पीटर्सबर्गचे प्राध्यापक मेंडेलीव्ह यांनी मूलद्रव्यांचा तक्ता मांडला. निमित्त होते पाठ्यपुस्तकाचे. मनाजोगते रशियन पुस्तक मिळेना, म्हणून ते स्वतःच लिहायला बसले होते. तेव्हा ठाऊक असलेली ६३ मूलद्रव्ये शिकवायची कोणत्या क्रमाने? अणुभाराप्रमाणे ओळ लावली, तर ठरावीक अंतराने सारखे गुण पुन्हा दिसू लागले. जिथे जुळेना, तिथे त्यांनी घर रिकामे ठेवले. अशा एका न सापडलेल्या मूलद्रव्याला त्यांनी नाव दिले एका-अ‍ॅल्युमिनियम. हा 'एक' संस्कृतातला, म्हणजे आपलाच! १८७५ मध्ये ते सापडले. तेच गॅलियम.

मराठीपुढची रिकामी घरे निराळी होती. सोने, तांबे, शिसे, कथील, पारा, गंधक यांना नावे होती, बहुतेकांना नव्हती. राजाराम कॉलेजात शास्त्र शिकवणाऱ्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी (१८४७-१९०६) रसायनासह अनेक शास्त्रविषयांवर मराठीत पुस्तके लिहिली. कवीचा शब्द अडला तर तो ओळच बदलतो. शास्त्र शिकवणाऱ्याला ती सोय कुठली?

अशाच खटाटोपांतून प्राणवायू, नत्र, कर्ब, स्फुरद हे शब्द रुजले. स्फुरद तर मला फारच आवडतो. हे द्रव्य अंधारात चमकते, आणि शब्दातही ती चमक आहे. आज शाळेच्या पुस्तकात फॉस्फरस आहे. असू दे. पण शिरोळच्या ऊसवाल्याला विचारा, १०:२६:२६ च्या पोत्यात काय असते? तो सांगेल, नत्र, स्फुरद, पालाश. त्याचा मुलगा अकरावीला फॉस्फरस पाठ करतो आणि सुटीच्या दिवशी तेच पोते पाठीवर घेतो. दोन्ही एकच, हे त्याला वर्गात कुणी सांगत नाही.

पालाशचेच पाहा. या शब्दात पळस आहे, आणि पळसाच्या राखेचा क्षार आपल्या वैद्यांना जुना माहीत. इंग्रजी पोटॅश म्हणजे भांड्यातली राख. पोटॅशियमचे चिन्ह मात्र 'के', कारण त्याचे लॅटिन नाव कलियम. ते आले अरबी 'अल-कली'वरून, आणि तीही वनस्पतींची राखच.