विंचवाचें विष आणि मज्जातंतूंचीं दारें

विंचू चावला म्हणजे आमच्या भिंगारांत पूर्वीं एकच गोष्ट पाहत : कळ उतरली कीं नाहीं. ती उतरली कीं शेजारीपाजारी आपापल्या घरीं जात. १९८६ च्या वैशाखांत माझ्या वर्गांतील एका मुलाला गोवऱ्या काढतांना तांबड्या विंचवानें नांगी मारली. एका जाणत्यानें विंचू उतरविला, मुलाचें रडणें थांबलें, आणि “आतां बरें आहे” असें त्याच्या आईला मींच सांगितलें. त्याला दोनदां वांती झाली होती, अंगाला घाम सुटला होता, हात थंडगार होते. मुलगा भ्याला आहे, असें मी समजलों. पहांटेपूर्वीं तो गेला.

त्या रात्रीं त्याच्या देहांत काय चाललें होतें, हें मला पुष्कळ वर्षांनीं वाचनांतून कळलें.

मज्जातंतूच्या पेशीभोंवतीं एक स्निग्ध पडदा असतो. इतका पातळ, कीं असे एक लक्ष पडदे एकावर एक रचले तरी मिलिमीटरभर जाडी व्हावयाची नाहीं. क्षारांचे विद्युद्भारित कण त्यांतून आपोआप जाऊं शकत नाहींत. त्यांच्यासाठीं प्रथिनांचीं दारें असतात. सोडियमचें निराळें, पोटॅशियमचें निराळें. शिवाय पडद्यांत एक उपसायंत्र अखंड चालूं असतें. तें सोडियमचे तीन कण बाहेर टाकतें व पोटॅशियमचे दोन आंत घेतें. मोटेनें पाणी थारोळ्यांत चढवावें आणि मग तें पाटानें आपणच धांवावें, तसा हा प्रकार. संदेश निघाला कीं सोडियमचें दार उघडतें, सोडियम आंत धांवतो, आणि सेकंदाच्या सुमारें हजाराव्या भागांत दार मिटतें. पोटॅशियम बाहेर पडून तंतु पूर्ववत् होतो. तोंवर शेजारचें दार उघडलेलें असतें. हॉजकिन व हक्स्ले या इंग्रज शास्त्रज्ञांनीं माकुलाच्या जाड तंतूवर प्रयोग करून हें १९५२ सालीं गणितानें मांडलें.

विंचवाचें विष तंतु तोडीत नाहीं, जाळीत नाहीं. तें सोडियमचें दार वेळेवर मिटूं देत नाहीं, एवढेंच! तांबड्या विंचवाच्या विषांत पोटॅशियमचीं कांहीं दारें अडविणारें द्रव्यही सांपडलें आहे. (काळी इंगळी दिसावयास भयंकर, पण घातक हाच.) मग मज्जातंतु थांबेचनात. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हात गार पडतात. हृदय त्या आवळलेल्या वाहिन्यांशीं झगडून थकतें आणि फुफ्फुसांत पाणी भरतें. कळ उतरल्यानें यांतलें कांहींच थांबत नाहीं.

महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनीं वांती, घाम, गार हातपाय हीं धोक्याचीं लक्षणें ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत १९८२ सालींच छापलीं होतीं. म्हणजे माझ्या त्या अज्ञानापूर्वीं चार वर्षें. पुढें त्यांनीं रक्तदाबावरचें प्राझोसिन हें औषध या कामीं वापरलें. तें पेशीचें दार मिटवीत नाहीं. आवळण्याचा हुकूम रक्तवाहिनीला पोंचूं देत नाहीं. त्याच्या जोडीला प्रतिविष दिलें तर रुग्ण लवकर सांवरतो, असें त्यांनीं २०११ सालीं दाखविलें. २०२२ मध्यें त्यांना पद्मश्री मिळाली.

विंचू उतरविणाऱ्या त्या जाणत्याला मीं पुष्कळ दिवस मनांत दोष दिला. पण हात गार आहेत हें त्यानें पाहिलेंच नव्हतें. तो हात माझ्या हातांत होता.

आतां कोणाला विंचू चावल्याचें कळलें तर मी कळ विचारीत नाहीं, हात धरून पाहतों. मूल असेल तर तेवढाही वेळ न दवडतां मिळेल त्या गाडीनें नगरच्या रुग्णालयांत नेतों.